मायलोची दमलेली फळी

आमच्या नेब्रास्कातल्या गावात मायलो ह्रुस्का शाळेत सुतारकाम शिकवतो आणि अमेरिकन फुटबॉलच्या संघाची बचावफळी सांभाळतो. आक्रमण त्याच्या मेव्हण्याकडे, म्हणजे मुख्य कोच कर्टकडे. हातात चेंडू घेऊन पळायचा हा खेळ; चेंडू आपल्याकडे असला की कर्टची पोरं मैदानात, समोरच्यांकडे गेला की मायलोची. राज्याचा अंतिम सामना आम्ही लागोपाठ दोनदा हरलो, दोन्ही वेळा शेवटच्या सत्रात. मायलोची पोरं धापा टाकत उभी राहिली आणि समोरचे त्यांच्यामधून आरामात निघून गेले.

गावानं मायलोलाच धरलं. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत जो तो सांगायचा, "पोरांना पळव जरा." मायलो कुणाशी वाद घालत नाही. त्यानं पळवलं. दुसऱ्या वर्षी तर अगदी सामन्याच्या आठवड्यातही पळवलं. पोरं मैदानात उतरली तीच जड पायांनी.

यंदा पुन्हा अंतिम सामना आला. आदल्या रविवारी चर्चहून कर्ट बहिणीकडे, म्हणजे मायलोच्याच घरी, जेवायला आला. जनेलनं नेहमीसारखी खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले होते. मी शेजारची, मीही होते. कर्टनं बघता बघता वाडगा रिकामा करून पुढे केला.

"कर्टी, मला खुर्चीला टेकू तरी दे," जनेल म्हणाली. "मायलोच्या पोरांचंही तू हेच करतोस."

"मी काय केलं?"

"एक लांब फेक, टचडाउन, की चेंडू समोरच्यांकडे. बँडचं वाजवून होत नाही तोवर ती पोरं परत मैदानात. चेंडू तुझ्याकडे असतो तेवढाच वेळ त्यांना बसायला मिळतो."

"मग काय, गुण करू नको?"

"कर. सावकाश कर."

कर्ट मायलोकडे वळला. "तू पढवलंस हिला?"

"मी दोन वर्षं तुला सांगतोय," रोलवर लोणी लावत मायलो म्हणाला. "हिला सांगावं लागलं नाही."

कर्टनं शब्द काही दिला नाही. पण सामन्यात त्याची पोरं चेंडू पोटाशी धरून चार पावलं जायची, पडायची, उठून पुन्हा चार पावलं. मायलोची पोरं तोवर शिरस्त्राणं काढून बाकावर निवांत पाणी पीत होती.

"अरे फेक की," माझ्या मागून म्हातारा ड्वेन ओरडला. "शेत नांगरतोयस का?"

शेवटच्या सत्रात आम्ही जेमतेम तीन गुणांनी पुढे होतो. कडेला आमचा एक पोरगा फेक झेलायला अगदी मोकळा धावत सुटला. सगळी गॅलरी उभी राहिली. जनेलनं माझी बाही घट्ट धरली. कर्टनं फेकायची खूण करायला हात वर केला, क्षणभर तसाच ठेवला आणि जॅकेटच्या खिशात घातला. चेंडू पुन्हा पोटाशी, पुन्हा चार पावलं.

शेवटी चेंडू समोरच्यांना द्यावा लागला तेव्हा वेळ थोडा उरला होता. मायलोची पोरं मैदानात पळत गेली. समोरच्यांना त्यांनी अर्धं मैदानही ओलांडू दिलं नाही.

"इतका कंटाळवाणा सामना जन्मात बघितला नाही," ड्वेन म्हणाला आणि शेजारच्या अनोळखी बाईला त्यानं मिठी मारली.

खाली मायलो पोरांना बसा, बसा म्हणत होता. एकही पोरगा बसायला तयार नव्हता.