बाबांनी मागितलेली माफी

माझे वडील धानोऱ्याजवळच्या एका लहानशा मंडळीचे पाळक होते. कौलारू चर्च आणि थोडीशी ख्रिस्ती घरं, तीही चार गावांत विखुरलेली. नव्वदच्या दशकात मी गडचिरोलीला शिकायला होते, सुट्टीत घरी यायचे. बाबा तसे मायाळू, पण पापाच्या बाबतीत कडक. चुकलेल्या माणसानं मंडळीपुढे उभं राहून कबूल करावं, मगच त्याला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळेल, हा त्यांचा नियम.

मंडळीत सायकली दुरुस्त करणारा एक माणूस होता. चर्चचं कौल फुटलं की न सांगता शिडी घेऊन यायचा. एका पावसाळ्यात त्याच्या मुलीचा ताप मेंदूत गेला. नाल्याला पूर, दवाखान्याची वाट बंद. त्यानं गावच्या पुजाऱ्याला बोलावून गावदेवीपुढे कोंबडं कापलं. नाला उतरल्यावर मुलीला दवाखान्यात नेलं आणि ती बरी झाली. बाबांच्या कानावर आलं तसं त्यांनी त्याला घरी बोलावलं.

"मंडळीपुढे कबूल कर. पश्चात्ताप केलास की देव माफ करतो."

तो खाली मान घालून म्हणाला, "पाळकसाहेब, पोरगी वाचली माही. खोटं काऊन बोलू? मले पस्तावा होऊनच नाई राह्यला."

बाबांनी त्याचं प्रभुभोजन बंद केलं. तरी तो दर रविवारी यायचा. प्रभुभोजन सुरू झालं की उठून बाहेर उभा राहायचा. खिडकीतून त्याची पाठ दिसायची. बाबांनाही दिसत असणार.

पुढे दोनेक वर्षांनी त्याला कावीळ झाली. ती वाढत गेली, आणि त्यानं भावाकरवी निरोप पाठवला, पाळकसाहेबांना भेटायचं आहे. बाबा म्हणाले, "कबूल करायला तयार आहे का, ते आधी विचारून ये." भाऊ परत आला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तो सायकलवाला गेला. चर्चच्या कबरस्तानात जागा मिळणार नाही हे घरचे धरूनच चालले होते. त्यांनी त्याला शेताच्या कडेला पुरलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी घरी होते. बाबांनी भाकर हातात घेतली आणि तसेच थांबले. मग ती खाली ठेवून ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मरणाऱ्या माणसानं मला बोलावलं आणि मी त्याला अट घातली. आज हे द्यायचा मला अधिकार नाही. घ्यायचाही नाही."

मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ उठले. "देवाजवळ कबूल केलं, झालं पाळकसाहेब. देव माफ करते."

"आधी त्याच्या बायकोकडे जायला पाहिजे," बाबा म्हणाले आणि निघाले. मी मागोमाग गेले.

मोहफुलांचे दिवस होते. त्याची बायको अंगणात फुलं वाळत घालत होती. बाबांनी हात जोडले. "बाई, तुझ्या नवऱ्यानं बोलावलं आणि मी आलो नाही. माझं चुकलं. मला माफ कर."

तिनं आधी खाट ओढून दिली. "बसा. होता राग, आता नाई. माफ केलं मी तुमाले. पन ते वाट पाहून राह्यले होते. दार लोटू देत नव्हते मले. काय बोलायचं होतं, ते मलेबी नाई सांगतलं."

बाबा रडले. तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. कबर चर्चजवळ हलवू का, असं त्यांनी विचारलं. "राहू द्या," ती म्हणाली, "आता तिथीच हायेत ते."

ईस्टरला ती मुलीला घेऊन चर्चमध्ये आली. बाबांनी दोघींना भाकर दिली.

क्षमा मिळाली, असं बाबा मनापासून मानत. तरी म्हातारपणी मध्येच मला विचारायचे, "काय सांगायचं असेल गं त्याला?"

मंडळीपुढे उभं करणं त्यांनी कायमचं सोडलं. ज्याला मन मोकळं करायचं असेल, त्याच्या घरी ते स्वतः जात. बोलावणं आलं की जेवता जेवता उठत. आई ताट झाकून ठेवायची.