तीन नंबरच्या ताई

१२ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. तीन नंबरच्या ताईंनी लायब्ररीच्या नावापुढे मी लिहिलेला चारचा आकडा खोडला, पुन्हा तीन केला आणि हसून विचारले, "काहून वं, कोणाचं मोडाले निघाली?"

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कार्यालयात इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचे आकडे वाचणारी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांच्या कामी येणारा कोड, तयार होई. काट्यांचे अनेक प्रोग्राम तिची एकच प्रत वाटून वापरत. नव्या आवृत्तीवर जुने प्रोग्राम चालणार नसतील, तरच नावापुढचा आकडा वाढवायचा, असा नियम. मग प्रत्येकाला आपला प्रोग्राम दुरुस्त करून नव्याने बांधावा, म्हणजे कंपाइल करावा लागतो. ताईंच्या हाती या लायब्ररीचे पॅकेज आल्यापासून तो आकडा तीनवरून हलला नव्हता. टोपणनाव त्यावरूनच पडले. लिनक्स या संगणकप्रणालीसोबत सर्वांना वाटल्या जाणाऱ्या संचात हे पॅकेज सांभाळणारी व्यक्ती म्हणून त्यांचे नाव होते. तिथे मला माझे हवे होते.

माझी रचना सरस होती, हे मी आजही म्हणते. वजन पूर्ण किलोंऐवजी ग्रॅममध्ये मिळाले असते; जुने प्रोग्राम मात्र त्यालाच किलो समजले असते, म्हणून माझा चार. ताईंनाही ते आवडले होते. पण त्यांचे एकच म्हणणे: "घरातलं सामान पाहिजे तसं हलव. दार सरकवलं, त जुने पाहुणे भिंतीवर आपटतीन ना वं!"

प्रत्येक आवृत्तीपूर्वी ताई लायब्ररीवर विसंबलेले सारे प्रोग्राम स्वतः चालवून पाहत आणि मग ते लिहिणाऱ्यांना फोन करत. "महागाववाले भाऊ, तुमचा काटा चालून राह्यला. सोयाबीन कसं हाये?" सोयाबीनचा प्रश्न मला अनावश्यक वाटे. मी सर्वांना मुद्देसूद ईमेल पाठवी. उत्तर येत नसे. ताईंच्या फोननंतर मात्र महागावहून दुरुस्त्या येत आणि कळंबहून पेढे. पेढे मी खात असे. गोड होते, एवढे म्हणणे टाळत असे.

नागपूरला नव्या नोकरीवर जाताना त्यांनी आपल्या जागी माझेच नाव सुचवले. तो उदारपणाही मला लागला. झगडून मिळवले असते, तर निदान श्रेय तरी माझे राहिले असते. निघताना म्हणाल्या, "आता कर चार. लोकाइच्या शिव्या आल्या, त मले नको सांगू, म्हंजे झालं."

त्याच आठवड्यात महागावहून फोन आला. "ताई नाही काय? मंग तुम्हीच सांगा मॅडम, आमचं मोडन काय?"

मी रचना पुन्हा उघडली. जुने फंक्शन किलोच देत राहिले, ग्रॅमसाठी नवे त्याच्या शेजारी बसवले. दार जागेवर राहिले. हे ताईंच्या प्रेमापोटी केले, असे कोणी समजू नये. त्यांच्या हातून न हललेला आकडा माझ्या हातून हलावा, हे मला सोसले नसते. महागावला फोन करून काटा चालतो आहे, हे कळवले. सोयाबीनचीही चौकशी केली. मग पॅकेज पाठवले. लायब्ररीच्या नावापुढे मी नोंदवलेला आकडा: ३.