घंटेनं पाळलेला हरताळ

आमच्या लालबागच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारची फळी सोडली तर रिकामी जागाच नव्हती. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. मी ते यंत्र दुसरीकडे ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण दुसरीकडे म्हणजे कुठे? खाटेखाली ट्रंका, ट्रंकांवर गाद्या, खिडकीत कोळशाचं पोतं. आधी जागा द्या, मग मला शहाणपण शिकवा.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. भिंती घोषणांनी भरलेल्या, रोज कुठे ना कुठे सभा. मी परळच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, तेही टेम्पररी. शिक्षणखात्याचे साहेब येऊन माझा एक पाठ बघणार आणि त्यांचा शेरा चांगला पडला तर मी कायम होणार, असं ठरलेलं. इकडे घरी आईनं दादरचं एक स्थळ धरून ठेवलेलं. मुलगा बँकेत, माणसं बरी, पण सून नोकरी करणार नाही ही अट. वडील गिरणीत फिटर. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला होता: "कायम झालीस तर तुझ्या मनासारखं, नाही झालीस तर आईच्या मनासारखं." म्हणजे एका पाठावर माझा जन्म टांगलेला. हसू नका, तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

पाठासाठी मी विषय निवडला बिनतारी संदेश. कारण काय, तर तो दाखवता येतो. शाळेत ठिणगी पाडणारी एक जुनी इंडक्शन कॉइल होती. एका टोकाला ठिणगी पाडायची आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये तार नसताना, घंटा वाजवून दाखवायची. हे घंटेचं यंत्र मी घरी बनवायला घेतलं. काचेची बोटभर नळी, दोन्ही तोंडांना पितळी स्क्रू, मध्ये लोखंडाचा कीस. कीस वडिलांनी कानशीनं घासून पुडीतून आणून दिला. हवेतून विजेची लाट आली की कीस एकमेकांना चिकटतो, बॅटरीची वीज पुढे वाहते आणि घंटा वाजते. घंटेची हातोडी मागे येताना नळीला एक टपली मारते, कीस सुटा होतो, यंत्र पुन्हा गप्प. इतकं साधं. पण त्यासाठी शाळेतून आणलेल्या विजेच्या घंटेची वाटी फुटलेली होती. वडिलांनी क्षणाचाही विचार न करता देव्हाऱ्यातली पूजेची घंटा उलटी करून तिच्या जागी बसवली. लाट पकडायला लांब तार लागते, म्हणून मी गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार जोडली. आणि सगळं नेऊन ठेवलं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर.

आता पुढचं तुम्हीच ओळखा. घरात ठिणगीचं यंत्र नाही, ते शाळेत कुलपात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी, मी वेणी घालतेय, तर देव्हाऱ्याजवळची घंटा आपली आपण वाजली. टिण्. थोड्या वेळानं पुन्हा टिण्.

आईच्या हातातली उलथनी खाली पडली. शेजारची काकी पीठ मागायला दारात आली होती, तिनं तिथूनच हात जोडले. "अगो बाय! देवी इली!" असं जे ती ओरडली ते चारही मजल्यांवर गेलं. मी शास्त्राची शिक्षिका. मीसुद्धा अर्धी वेणी हातात धरून हात जोडले, खोटं कशाला सांगू.

दोन दिवस माझं डोकं चाललं नाही. नळी बदलली, बॅटरी बदलली, घंटा वाजायची ती वाजतच राहिली. तिसऱ्या दिवशी गॅलरीत उभी असताना खालून ट्राम गेली. नाक्यावर वरच्या तारांचा सांधा होता, तिथे ट्रामची दांडी उडाली, निळी ठिणगी पडली आणि माझ्या पाठीमागे टिण्! मी तिथेच एक गिरकी घेतली. ठिणगी म्हणजे लाट! ट्राम कंपनी रोज सकाळपासून आमच्या चाळीला बिनतारी संदेश पाठवत होती आणि कुणालाच पत्ता नव्हता.

मी धावत आत जाऊन सांगितलं. तोवर खोलीत सात-आठ बायका बसलेल्या, नळीला हळदीकुंकू लागलेलं, कपड्यांच्या तारेला झेंडूची माळ. काकीनं माझ्याकडे दयेनं बघितलं. "ट्रामीक काय पडलीहा तुझी घंटा वाजवची? तिका स्वतःची घंटा आसा मां?" सगळ्या बायका हसल्या. यावर शास्त्रानं काय उत्तर द्यावं सांगा. पायाखाली ठणठणाट करत जाणाऱ्या ट्रामला खरंच स्वतःची घंटा होती. मी चिडले, तावातावानं बोलले, पाय आपटले.  आई मात्र तांदूळ निवडत दारात बसून होती.

मी हट्टाला पेटले. रोज संध्याकाळी आईला समोर बसवून पाठ म्हणून दाखवू लागले. म्हटलं, हिला पटलं तर चाळीला पटेल. सांगितलं की, एका स्कॉटलंडच्या माणसानं आधी नुसतं कागदावर गणित मांडून सांगितलं, अशा लाटा असणार म्हणून. त्यानं त्या बघितल्या नव्हत्या.

"न बघताच?"

"न बघताच."

"मगे आमका कित्याक हसतंस?"

मी तो मुद्दा सोडून दिला. पुढे सांगितलं, एका जर्मन प्रोफेसरानं खोलीच्या एका बाजूला ठिणगी पाडली, तर दुसऱ्या बाजूच्या तारेच्या कड्यात, फटीमध्ये, आपोआप इवलीशी ठिणगी दिसली. याचा उपयोग काय, असं विचारल्यावर काही नाही म्हणाला म्हणे. मग फ्रान्समध्ये कुणाला हा किसाचा गुण सापडला. आणि आपल्या कलकत्त्यात एका बंगाली प्रोफेसरानं तर भर सभेत, मोठ्या इंग्रज साहेबाला मधोमध बसवून, त्याच्या अंगातून लाट आरपार नेली आणि पलीकडच्या खोलीत घंटा वाजवली.

आईनं पहिल्यांदाच सुपातून मान वर केली. "सायबाक काय झाला?"

"काही नाही. त्याला कळलंसुद्धा नाही."

"मगे काय उपयोग," आई म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. जर्मन प्रोफेसराचं आणि तिचं एकमत झालं.

इकडे चाळीत भक्ती वाढतच होती. गिरणीची पाळी सुटायच्या वेळी ट्रामा जास्त, त्यामुळे घंटा सारखी वाजायची. "पाळी सुटताना देवी भारी जागृत असते," असं काळाचौकीपर्यंत झालं. लोक वेळ साधून यायला लागले. मी कामावरून यायचे तर माझ्याच घरात शिरायला रांग. यंत्र शाळेत न्यायचं म्हटलं तर बायका दारात आडव्या. पाठाची तारीख जवळ आली आणि माझं पाठाचं सामान देव होऊन बसलं होतं!

आणि त्याच तारखेला हरताळ पुकारला गेला.

त्या दिवसांत माणसं मेली, घरं उघडी पडली, त्यावर मी विनोद करत नाही. पण त्या सकाळी आमच्या चाळीत जे झालं ते झालं. गिरण्या बंद, दुकानं बंद, ट्रामा डेपोत. म्हणजे घंटाही बंद. आठ वाजले, नऊ वाजले, टिण् नाही की काही नाही. आधी बायका घाबरल्या. मग चाळीच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: "देवीही हरताळात सामील. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" खाली लोक टाळ्या वाजवत होते. मी कपाळावर हात मारला.

हरताळ म्हणजे पाठ नाही, असं मी धरून चालले होते. तरी मन राहीना म्हणून शाळेच्या फाटकापर्यंत गेले. तर आत, पहारेकऱ्याच्या स्टुलावर, साहेब बसलेले. गिरगावातून चालत आलेले, कोट हातावर, टोपी घामानं भिजलेली.

"तारखेवर शिक्का झालेला आहे बाई," ते म्हणाले. "हरताळ बाहेर आहे. मी पाठ बघायला आलो आहे."

"पण साहेब, मुलीच नाहीत. सगळ्या मोर्चात गेल्या."

"वर्ग रिकामा असेल तर मला तसं लिहावं लागेल. पाठ झाला नाही, असं." त्यांनी घड्याळ काढलं. "एक तास थांबतो."

तसं लिहिणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. तसं लिहिणं म्हणजे दादर. मी पळत चाळीत गेले. मुली नव्हत्याच. गप्प बसलेल्या घंटेभोवती म्हाताऱ्याकोताऱ्या बायका तेवढ्या होत्या. मी खाली बसकण मारली आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मला यंत्र द्या, नाहीतर मी गेले. काकी म्हणाली, "देवी एकटी जावची नाय. आमी येतलोव."  आई उठली, तिनं यंत्र परातीत ठेवलं, त्यावर स्वच्छ फडकं टाकलं आणि परात डोक्यावर घेतली.

लालबागहून परळपर्यंत आमची ती वरात! पुढे आई, मागे पंधरा-सोळा बायका, मध्ये मी. रस्त्यात पोलिसांनी अडवलं. परातीत काय, म्हणून विचारलं. मी खरं बोलले, "बिनतारी यंत्र." हवालदाराचे डोळे मोठे झाले. काकीनं मला मागे ओढलं. "देवी आसा, देवी!" हवालदारानं फडकं उचललं, हळदीकुंकू बघितलं आणि नमस्कार करून वाट दिली. शास्त्र माझ्या तोंडचं, पण वाट मिळाली ती देवीच्या नावानं.

साहेबांनी वर्गात पाऊल टाकलं आणि ते थबकले. नववीच्या बाकांवर नऊवारी लुगडी. ज्या बायका जन्मात शाळेत गेल्या नव्हत्या त्या दोघीदोघी करून बसल्या होत्या, हाताची घडी घालून. आई दुसऱ्या बाकावर. साहेबांनी बराच वेळ विचार केला, मग कागद काढून लिहिलं, "इयत्ता नववी. हजेरी सोळा." ते आपल्या कागदाशी प्रामाणिक होते.

मी पाठ घेतला.  स्कॉटलंड, जर्मनी, फ्रान्स, कलकत्ता सगळं झालं. मग कॉइलचं बटण दाबलं. तड् करून ठिणगी पडली आणि वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला, टेबलावर, टिण्! सोळाच्या सोळा बायका उठल्या, हात जोडले आणि काकीनं आरती सुरू केली. साहेबही टोपी सावरून उभे राहिले. आरती अर्ध्यावर आली तेव्हा त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं.

"बसा," ते म्हणाले. चेहरा कडक. "बाई, पाठ चांगला घेतलात. पण विद्यार्थ्यांना काय समजलं, यावर शेरा असतो. आणि हे..." त्यांनी बाकांकडे हात केला. मग बोट फिरवत दुसऱ्या बाकावर आणलं. "तुम्ही सांगा. ही घंटा कुणी वाजवली?"

बोट आईवर होतं.

 तिला दादर हवं होतं. त्यासाठी तिनं मावशीकरवी किती निरोप धाडले होते, मला माहीत होतं. तिनं "देवीनं" एवढंच म्हणायचं होतं. ती देवभोळी बाई, तिच्या दृष्टीनं ते खोटंही ठरलं नसतं. आई उठून उभी राहिली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

"घरी वाजता ती ट्राम वाजवता, सायबा," ती म्हणाली. "दांडी तारेवरसून उडली, निळी ठिणगी पडली काय, घंटा वाजता. मी रोज ग्यालरीतसून बघतंय. ठिणगी नाय पडली तर वाजणा नाय. आज ट्रामी बंद, म्हणान ती गप. आता वाजली ती माझ्या चेडवान, ह्या लेकीन वाजवली. ठिणगीची लाट जाता. मधी तार नाय, कायेक नाय."

 साहेबांनी चष्मा काढला. "मग तुम्ही हात कशाला जोडलेत?"

"घंटा वाजल्यार हात जोडूक नको?" आई म्हणाली आणि खाली बसली. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या.

साहेबांनी लिहिलेलं मला उलट्या बाजूनं वाचता आलं. "विद्यार्थिनींनी स्वतः निरीक्षण करून निष्कर्ष काढला. पाठ उत्तम." मी फळा पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली.

परत येताना बायका पुढे गेल्या. आई परात घेऊन माझ्याबरोबर चालत होती. मी म्हटलं, "आये, तुला कळलं होतं, तर मला आधी का नाही सांगितलंस? मी वेड्यासारखी ओरडत होते."

"तू ओरडी होतंस म्हणान बघूक गेलंय," ती म्हणाली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "दादरवाल्यांका उद्या नाय म्हणान सांगतंय."

"अजून कायमचा कागद यायचाय."

"येतलो."

रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंची दुकानं बंद. ती पुढे बघत, परात डोक्यावर सांभाळत चालली होती.

"त्यांच्या घरात नळ होतो गो," ती म्हणाली. "आत. मोरीत. मी बघून इललंय. तुका खाली बालदी घेवन रांगेत उभ्या ऱ्हवचा लागला नसता."

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, मोठ्यानं. आई थांबली नाही, भाकऱ्या व्हायच्या होत्या. मी डोळे पुसत तिच्या मागे चालू लागले.