वरातीचं जनरेटर

डिझेलचा वास आला की मले वादळानंतरचा तिसरा दिवस आठवते, खांब पडलेले, लाइट नाही, अन् माह्या सहा महिन्याच्या पोराची छाती घरघर करून राह्यली, वाफेचं मशीन लाइटीबिगर चालेना. शेजारच्या चाचाच्या, वरातीले भाड्यानं द्यायच्या जनरेटरवर बोअरची मोटर लावून गल्ली पाणी भरत होती, मी पोरगं अन् मशीन घेऊन तिथं धावत गेली. चाचा म्हणे, "मोटर बंद करा बे, दोन्ही संगच नाही चालत, आधी लेकरू." मी घाईनं मास्क लावला, तर चाचीनं हात धरला, "दवाई टाकली का पोरी?" टाकलीच नव्हती. मले रडू आलं. चाची म्हणे, "टाक आता, जनरेटर काही वरातीले नाही चाल्लं." घरघर थांबेपर्यंत बाया रिकामे हंडे घेऊन बसल्या, कोणी मोटर लाव म्हटलं नाही. पोरगं आता शाळेत जाते, अन् मले आता इचार येते, त्या बायांच्या घरी त्या दिवशी प्यायले तरी पाणी होतं का.