सतरावं कलम
सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर जायचं ठरलं त्या दिवशी मी वही उघडली आणि नव्यात काय काय चाललं पाहिजे त्याची कलमं लिहायला घेतली. लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये मी डेटा सांभाळायचे. नांदेड आणि लातूर या दोन्ही शाखांचे गुण, हजेरी आणि पालकांचे नंबर रोज एकत्र करून मेसेज पाठवणारी त्रेचाळीस कामं संगणकावर आपोआप चालत. त्यांना आम्ही जॉब म्हणायचो. ते सगळे जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायचे होते.

त्यासाठी पुण्याहून एक तज्ज्ञ आला. आमच्या जॉबपेक्षा त्याला स्वतःच्या लॅपटॉपच्या बॅगेची काळजी जास्त होती. माझं सतरावं कलम होतं, एका नंबरावर अनेक विद्यार्थी चालले पाहिजेत. तो हसला.

"मॅडम, एक नंबर म्हणजे एक पालक. बाकीचे डुप्लिकेट. नवी आवृत्ती ते आपोआप काढते."

मी त्याला निलंग्याकडचं एक गाव सांगितलं. भूकंपानंतर ते माळावर नव्याने वसलं, ओळीत सारखी घरं. मोबाइल एकाच माणसाकडे, पिठाच्या गिरणीवाल्या चाचांकडे. मेसेज आला की दळणाला आलेल्या बायांपुढे चाचा तो मोठ्याने वाचत, आणि अकरा पोरांचे गुण अकरा घरी पोचत.

तज्ज्ञाने क्लासच्या मालकाकडे, म्हणजे आमच्या सरांकडे पाहिलं. सरांनी पेनाने कलम खोडलं. "असल्या गावांसाठी आपण मागं राहायचं का?" भाषणात याच पोरांना ते खेड्यातलं सोनं म्हणत.

मी वाद घातला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नव्या जॉबने पाठवलेला पहिला मोठा मेसेज निवडक तुकडीचा होता. सोमवारी पालकांसह या, नाहीतर जागा पुढच्याला. पोरं सुट्टीत गावी होती. त्या गावातली एकच मुलगी निवडली गेली होती, पण चाचांच्या नंबरावर नव्या आवृत्तीने दुसऱ्याच पोराचं नाव ठेवलं होतं. मुलगी डुप्लिकेट ठरली, आणि सोमवारी तिची जागा गेली.

बुधवारी चाचा त्या मुलीला आणि तिच्या वडलांना घेऊन एसटीने आले. "ताई, निकाल कळंना. आमी वाट बघून राहिलो."

"नवी आवृत्ती एक नंबर एकदाच धरते," तज्ज्ञ म्हणाला.

"पोरगी बी एकदाच हाय की, साहेब."

जुनं सॉफ्टवेअर महिनाभर बंद करायचं नाही, हे माझं एकोणचाळिसावं कलम. तिथवर कोणी वाचलंच नव्हतं, म्हणून ते खोडायचं राहिलं होतं. मी जुन्या जॉबमधून निवडक तुकडीची यादी काढली आणि जुनी-नवी दोन्ही याद्या छापून सरांपुढे ठेवल्या. निवड होऊनही मेसेज न मिळालेली बासष्ट घरं निघाली.

मुलगी समोर उभी होती, पण सर बासष्टच्या आकड्याकडेच पाहत होते. एवढी माणसं काउंटरवर आली तर काय, हे त्यांना चटकन कळलं. आपलीच कल्पना असल्यासारखं त्यांनी जाहीर केलं की सगळ्यांच्या जागा राहतील, नवी तारीख देऊ. तज्ज्ञाने मान डोलावली आणि सतरावं कलम स्वतःच्या अहवालात उतरवून घेतलं, सूचना म्हणून.

जुन्या जॉबमधून मी मेसेज सोडला. चाचांच्या खिशात मोबाइल वाजला. सवयीने त्यांनी तो गिरणीच्या आवाजावर जाईल एवढ्या मोठ्याने वाचला, मुलीचं नाव, तिच्या बापाचं नाव, गाव, तारीख. काउंटरवरचे पालक वळून बघायला लागले, आणि वाचून होईपर्यंत सरांना तिथंच उभं राहावं लागलं.