दयारामभाऊंचा वनमाणूस

सलीमचा फोन शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. शिपाई बोलवायला आला. मी रिसीव्हर उचलला तर पलीकडून सलीम म्हणाला, "सर, अपना लंबू गेला." आणखी काही सांगावं लागलं नाही. चोपड्याच्या खोलीत दयाराम तायडे सकाळी उठलेच नाहीत. शेजारणीनं दार वाजवलं, मग लोकांनी ते ढकललं. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढे पुण्यानुमोदनाला गेलो. पंधरा-वीस माणसं, एरंडोलहून आलेली बहीण, डेपोतले दोघंतिघं. भन्तेजी त्रिशरण म्हणत होते आणि शेजारी बसलेले गृहस्थ मला हळूच विचारत होते, "तुम्ही त्यांचे कोण?" काय सांगणार... आम्ही वनमाणसाचे पिक्चर बघायला बरोबर जायचो, हे नातं सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "मित्र." आता महिना उलटून गेला आहे, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी पहिली नोकरी चोपड्याच्या शाळेत होती आणि मी जळगावहून एस.टी.नं ये-जा करायचो. त्या गाडीचे कंडक्टर दयारामभाऊ. इतका उंच माणूस मी आधी जवळून पाहिलेला नव्हता. गाडीत त्यांना सरळ उभंच राहता यायचं नाही. मान एका बाजूला कलती ठेवून, खांदे आत ओढून ते तिकिटं देत पुढे सरकायचे. पोरं मागून काहीबाही ओरडायची. लहान मुलं आईच्या पदराआड लपायची, तेव्हा मात्र ते लगेच दुसरीकडे बघायचे. त्यांचं लग्न झालं होतं. बायको दुसऱ्याच वर्षी माहेरी गेली ती परतली नाही, हे मला डेपोतल्या कुणीतरी सांगितलं. त्यांनी स्वतः कधी विषय काढला नाही.

आमची मैत्री जुळली ती जळगावच्या एका टॉकीजमध्ये. हिमालयातल्या कुठल्याशा केसाळ प्राण्याचा डब केलेला पिक्चर लागला होता. मॅटिनीला जेमतेम वीस माणसं, त्यात शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून दयारामभाऊ. मागच्याला आपली अडचण नको म्हणून ते नेहमी तिथेच बसायचे. मध्यंतरात त्यांनी मला ओळखलं आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केली. टॉकीजची पोस्टरं रंगवणारा सलीम त्यांच्या ओळखीचा होता, तोही येऊन उभा राहिला. त्या दिवसापासून आम्हा तिघांची एक गंमतच सुरू झाली. रानातल्या अशा प्राण्याचा पिक्चर जळगावात लागो की धुळ्यात, रजा काढून जायचं. प्रत्येकाला त्यातून हवं असायचं वेगळंच. सलीमला नटाच्या अंगावरचं खोटं कातडं बघायचं असायचं. पाठीवरची चेन दिसली की तो पिक्चर त्याच्यासाठी संपला. मला भीती हवी असायची, चांगली पोटात गोळा आणणारी. आणि दयारामभाऊंना... ते म्हणायचे, "सर, त्याला जास्ती दाखवूच नये. झाड हाललं, पाऊल उमटलं, बस. आणि तो गावात काय म्हणून येईल? पोरगी काय म्हणून पळवेल?" चिडले की ते घरच्या बोलीवर यायचे. "तो येडा शे का? गावमा काबर यी तो?"

त्यांचे वडील सातपुड्यात लाकूडतोडीच्या कामावर असायचे. तिथल्या पावरा आदिवासी मजुरांकडून दयारामभाऊंनी लहानपणी अशा एका वनमाणसाबद्दल ऐकलं होतं. तो उंच असतो, कुणाला काही करत नाही, माणसाची चाहूल लागली की वाट सोडून उभा राहतो. "मला तो दिसावा असं काही नाही," ते एकदा म्हणाले. "तो तठे शे, एवढं वाटलं तरी खूप." तिथे, त्या झाडीत, कुणीतरी आहे... गाडी तापीच्या पुलावर आली की ते उत्तरेकडच्या निळ्या डोंगरांकडे बघून घ्यायचे. मी समोरच्या सीटवरून त्यांच्याकडे बघायचो.

मग व्हिडिओ आला. धुळ्याला लग्नाची शूटिंग करणारे एक नाना होते, त्यांच्या डोक्यात आलं की आपण स्वतःच एक वनमाणसाचा पिक्चर काढावा आणि खानदेशातल्या व्हिडिओ पार्लरांना द्यावा. पोस्टरच्या निमित्तानं बातमी सलीमपर्यंत आली आणि उंच माणूस हवा म्हणताच त्यानं दयारामभाऊंचं नाव सुचवलं. मी त्यांना इतकं खुललेलं आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. सलीमनं तागाचे धागे काळे-तपकिरी रंगवून, गोणपाटावर शिवून अंगरखा आणि मुखवटा केला. चेन कुठे दिसू नये म्हणून त्यानं शेवटी दयारामभाऊंना आत घालून वरून शिवायचंच ठरवलं. ते दर सुट्टीला चालण्याचा सराव करायचे. खांदे आत ओढायची त्यांची सवय त्यांनी या अंगरख्यात सोडून दिली होती. पहिल्यांदाच ते पुरे ताठ उभे राहिलेले मी पाहिले, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला.

शेवट काय करायचा यावरून मात्र वाद झाला. नानांचं म्हणणं, गावकरी त्याला घेरून मारतात, त्याशिवाय पब्लिक खूश होणार नाही. दयारामभाऊ म्हणाले, "नाना, त्याला नुसतं जाऊ द्या. डोंगर चढताना पाठमोरा दाखवा. लोक घरी गेल्यावरही त्याचा विचार करतील." नाना हसले. "भाऊ, विचार करायला कोण येतं? लोकांना तो पूर्ण दिसला पाहिजे आणि पूर्ण मेला पाहिजे." पुढे बोलणं झालं नाही. दयारामभाऊ काम सोडून देतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी सोडलं नाही, अंगरखा अंगावर असण्याचे ते दिवस त्यांना हवे होते.

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका कोरड्या नाल्यात तो प्रसंग घेतला. भरदुपार. जवळच्या गावातली पोरं गोळा केली होती. त्यांच्या हातात काठ्या आणि पेटते पलिते. मी चांदीचा कागद चिकटवलेला फळा धरून ऊन परतवत होतो. दयारामभाऊ झाडीतून आले, पोरं धावली. सुरुवातीला काठ्या जमिनीवर आपटत होत्या. मग कुणाची तरी खरी बसली. बाकीच्यांना त्याचा नाद लागला... नाना ओरडत होते, "चालू ठेवा! मस्त येतंय!" आम्हाला वाटलं, भाऊ काय सुंदर काम करताहेत. मुखवट्यातून आवाज येत नव्हता, की त्यांनी आवाज काढलाच नाही, कोण जाणे. सलीमला आधी कळलं. तो मध्ये शिरला, दोन काठ्या त्यानंही खाल्ल्या, आणि पोरं भानावर आली.

दयारामभाऊ उठले. नाल्यातून वर चढले आणि त्या अंगरख्यासकट झाडीत निघून गेले. मी मागोमाग गेलो. बऱ्याच आत, एका अंजनाच्या झाडाखाली ते बसले होते. मुखवटा मांडीवर, डावा खांदा खाली लोंबलेला. मी जवळ बसलो. ते म्हणाले, "बठ्ठा हासेत, भाऊ." सगळे हसत होते. एरवी मला 'सर' म्हणणारा माणूस. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, "जाऊ ना. थोडं बसा. इथे बरं वाटतंय."

तो खांदा पुढे कधी नीट वर गेला नाही. चालत्या गाडीत एका हातानं दांडी धरून दुसऱ्यानं घंटीची दोरी ओढता येईना, म्हणून त्यांना डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. पिक्चर पार्लरमध्ये लागला तेव्हा आम्ही तिघं बघायला गेलो. मारण्याचा प्रसंग संपताच लोक ओरडले, "रिव्हर्स! पुन्हा दाखव!" पार्लरवाल्यानं कॅसेट मागे नेली. पुन्हा काठ्या, पुन्हा शिट्ट्या. तिसऱ्यांदा मागणी झाली तेव्हा दयारामभाऊ उठून टी.व्ही.पुढे उभे राहिले. "ए लंब्या, बस खाली!" कुणीतरी ओरडलं. ते शांतपणे म्हणाले, "मरी गया ना तो एकदाव. आखो कितला मारशात?" एकदा मेला, आणखी किती माराल? हशा पिकला. पडद्यावरचा तो आणि समोरचा हा एकच, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. सलीमनं तोंड उघडलं, पण भाऊंनी त्याचा दंड दाबला, आणि आम्ही बाहेर पडलो.

त्यानंतरही ते असे पिक्चर बघत राहिले, मात्र शेवटचा भाग सुरू होण्याच्या बेतात असला की उठायचे. "चला सर, जिवंत आहे तोवर निघू." बाहेर चहाच्या टपरीवर बसून मग ते पुढचं सांगायचे. तो आता नदी ओलांडून गेला असेल. पलीकडे टेंभुर्णीची झाडं आहेत, तिथे थांबेल. माणसं शोधून दमतील आणि घरी जातील... सांगताना त्यांचा चांगला खांदा आपोआप सरळ व्हायचा. माझी बदली जळगावला झाली, सलीमची पोस्टरं छापील पोस्टरांनी खाल्ली, आमचं जाणं कमी झालं. पण वर्षातून एखादा तरी पिक्चर आम्ही असा अर्ध्यावर सोडला.

गेल्या रविवारी जळगावात तसला एक पिक्चर लागला होता. सलीमला विचारलं, तो नको म्हणाला. मी एकटाच गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. गावकरी पलिते पेटवू लागले तसा उठलो. दारावरचा माणूस म्हणाला, "साहेब, खरा पिक्चर आत्ता आहे." मी बाहेर येऊन चहा घेतला. तो आता नदी ओलांडून... इथवर मनात आलं. पुढचं काही सुचेना. पलीकडे कसली झाडं असतील, तो कुठे थांबेल, मला काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात टॉकीजची दारं उघडली आणि लोक मोठमोठ्यानं बोलत बाहेर येऊ लागले. त्याचं काय झालं ते कानावर पडू नये म्हणून मी चहा तसाच ठेवून चालू लागलो.