दोरीला बांधलेला सांडा

बल्लारशाच्या फलाटावर बाबांनी माझी बॅग बाकाखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. पेपर मिलमध्ये आयुष्य गेलेला माणूस. राजुऱ्याबाहेर कधी राहिले नाहीत. "तिथी झाड नाई म्हन्ते," ते म्हणाले, "मन कसं लागन तुयं?" जैसलमेरकडच्या सोलर प्लांटवर मला इंजिनियरची नोकरी लागली होती. मी हसले. गाडी सुटल्यावर रडले.

माझं मन लावलं ते भुरीने. प्लांटच्या गेटवरची ही भटकी कुत्री एका रविवारी माझ्यामागे चालू लागली, आणि मग दर रविवारी आम्ही दोघी वाळूत भटकू लागलो. माझ्या गळ्यात जुना कॅमेरा, तिचं नाक जमिनीला. आपल्याकडे सागाच्या जंगलात चार पावलांपुढचं दिसत नाही; इथे दूरवर सगळं उघडं, तरी काही दिसत नाही. बघायला शिकावं लागलं. फोगाच्या झुडपाखाली निजलेला कोल्हा, केर नावाच्या काटेरी झुडपाची लाल फुलं, बिळाच्या तोंडाशी ऊन खाणारा सांडा. सांडा म्हणजे बुटकी, जाडजूड घोरपडच जणू; शेपटीवर काटे, पण खातो पाला. फोटो पाठवले की बाबांचा फोन यायचा, "याले पानी कुठून भेटते वं?"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी भुरी खेजडीच्या झाडापाशी थांबली आणि कुंई कुंई करू लागली. खुंटीला नायलॉनची दोरी आणि दोरीला सांडा. पळू नये म्हणून त्याचा कणा मोडला होता. पुढचे पाय वाळू उकरत होते, मागचे नुसते फरफटत होते. जरा लांब जीपमध्ये तिघे भल्यामोठ्या लेन्स लावून गरुड उतरायची वाट बघत होते.

मी दोरी सोडवायला बसले तसा एक जण धावत आला. "काय करून राह्यले तुमी हे?" माझ्या तोंडून निघालं. त्याचा चेहरा खुलला.

"आपल्याकडच्या का ताई? मी चंद्रपूरचाच. सांडाच तर हाय. गरुड उतरला का सोडून देऊ."

"कणा मोडलेल्याले कुठी सोडता?"

"तुमी लय मनावर घेऊन राह्यल्या." आणि त्याने मोबाइलवर एक वाघीण दाखवली. "हिले गाडी आडवी लावली, तवा कुठी अशी बघते."

इतक्या दूर, इतक्या दिवसांनी कानावर आपली बोली पडली, आणि ती या तोंडातून. मी दोरी, खुंटी, जीपचा नंबर, त्याचं तोंड, सगळ्याचे फोटो काढले आणि वनखात्याला कळवलं. जीप नाक्यावर अडवली गेली, गुन्हा दाखल झाला. सांडा तोवर माझ्या ओढणीत मेला होता.

मग राजुऱ्यात माणसं आमच्या घरी येऊ लागली. बाबांसोबत मिलमध्ये असलेले एक काका आले. जीपमधला तो पोरगा त्यांचा भाचा. "जयभीम भाऊ," ते म्हणाले, "पोरीले बयान फिरवाले सांगा. एका पालीसाठी आपल्याच पोराची जिंदगी खराब करता काय?" सुट्टीत मी घरी गेले तर गल्लीतल्या बायका हसून विचारायच्या, "पाल बरी हाय ना तुयी?" याच बायकांच्या अंगणात मी वाढले होते. त्यांनी पुढे केलेलं पाणीही मी तसंच ठेवून उठायची.

तिसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, "बयान कवा हाय तुयं?"

"पुढच्या महिन्यात."

"मी येतो संगं."

"तुमी कायले? दोन दिवसांचा प्रवास हाय."

"त्यायचे लोक येतीन. तुये कोन हाय तिथी?"

ते आले. कोर्टात मी पाहिलं तसं सांगितलं; बाबा बाहेरच्या बाकावर बसून होते. काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं आहे. निकाल अजून लागायचा आहे. हे वाचणाऱ्या तुम्हा गावच्या लोकांपैकी जे तिथेच राहिले ते विचारतात, वापस कवा येतं? जे माझ्यासारखे बाहेर पडले ते विचारतात, घरची आठवण येत नाही का? येते. आईबाबांची येते, त्यांच्या दोन खोल्यांची येते. आमच्या गल्लीची मात्र मला अजून किळस येते, आणि हे मी आईलाही सांगितलं आहे. ती म्हणाली, "मलेबी येते. पन राहा तं लागते."